एका मुलासाठी वायल उघडायची की नाही

मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक वैशंपायनकाका यंदा माझ्या फारच मागे लागले. त्यांचे पूर्वज म्हणे शिंदेशाहीच्या दफ्तरात होते, आणि तगादा लावण्याची कला त्या घराण्यात तेव्हापासून चालत आली असावी. टावर चौकात मला गाठून म्हणाले, "कुमुदताई, सगळं आयुष्य आरोग्यसेवेत घातलंत. काहीतरी प्रेरणादायी लिहा की." मी म्हटलं, "काका, मी सगळं आयुष्य लहान मुलांना रडवण्यात घातलं. त्यात प्रेरणा कुठून आणू?" ते म्हणाले, "मग तेच लिहा. यंदा जाहिराती कमी आल्यात, पानं तर भरायला हवीत." तेव्हा वाचकांनी हा लेख एखाद्या पेढीची जाहिरात समजून वाचावा. अपेक्षाभंग होणार नाही.

वडील रेल्वेच्या नोकरीपायी भुसावळहून इकडे आले आणि आम्ही उज्जैनचेच झालो. मी आधी ए.एन.एम. होते, म्हणजे वस्त्यांमध्ये जाऊन बाळांना लस टोचणारी नर्स. पुढे सुपरवायझर झाले, म्हणजे टोचणाऱ्या नर्सच्या मागे फिरणारी नर्स. आधी मुलं माझा राग करायची, नंतर नर्स करायला लागल्या. वस्तीत माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मी सगळ्यांची 'सुईवाली मैडम'. मुलगा जेवत नसला की आया माझ्याकडे बोट दाखवायच्या, "खा ले, नहीं तो सुईवाली मैडम आ जाएगी." मुलाला वर्षभर माझ्या नावानं भेडसावायचं आणि मग ठरल्या दिवशी माझ्याच पुढ्यात आणून बसवायचं. ते पोर पलंगाखाली शिरलं नाही तरच नवल.

मुलं लशीला का येत नाहीत, हा प्रश्न आमच्या दर मीटिंगमध्ये असायचा. त्याचं उत्तरही चहाबरोबरच ठेवलेलं असायचं. आरोग्य खात्यातले आमचे साहेब म्हणायचे, "जागरूकता की कमी." आम्ही माना डोलवायचो. कारण कळलं की उपाय कळतोच. मग नवा बॅनर छापला जायचा. त्यावर एक गुबगुबीत बाळ हसत असायचं. लस टोचताना हसणारं बाळ मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलं नाही.

लोक अडाणी आहेत म्हणून येत नाहीत, हे फ्रीगंजातल्या आपल्या मराठी घरांतही सगळ्यांना पटतं. मला कधी पुरतं पटलं नाही. आमच्याकडे लशीचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार. एका वस्तीत आमचा मंगळवार, आणि त्याच मैदानावर हाटही मंगळवारचाच. निम्म्या बाया हाटात भाजी विकायला, उरलेल्या घ्यायला. आणि अंगणवाडीत आमची नर्स एकटी, मांडीवर डबा घेऊन माश्या वारत बसलेली. मी वर लिहिलं, की इथला दिवस तेवढा बदलून द्या. परवानगी यायला इतका काळ गेला, की तोवर हाटच दुसऱ्या मैदानावर हलला होता. मग परवानगीप्रमाणे आम्ही दिवस बदलला, आणि बदललेल्या दिवशी त्या मैदानावर दुसरा हाट भरू लागला.

दुसरं कारण म्हणजे माहेर. आपल्यासारखंच माळव्यातही पहिलं बाळंतपण आईकडे. बाळ जन्मतं नानाच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या घरी. तिथली आशा कार्यकर्ती म्हणते, "ये तो ससुराल का बच्चा है, यहाँ तो मेहमान है." सासरची आशा म्हणते, "बच्चा तो अभी नाना के यहाँ है, आएगा तब देखेंगे." दोघीही खरंच बोलतात. तोवर बाळ चांगलं रांगायला लागतं. दोन्ही घरांचं लाडकं आणि दोन्हीकडे पाहुणं. शेवटी मी माझ्या हाताखालच्या नर्स मुलींना सांगून टाकलं, की बाळ कुणाचं ते विचारूच नका, "आज रात कहाँ सोएगा?" एवढंच विचारा. जिथं झोपेल तिथलं आपलं. यानं पुष्कळ मुलं सापडली. साहेबांना मात्र हा प्रश्न सरकारी वाटेना. त्यांनी त्या जागी 'निवास की वर्तमान स्थिति' असं घालायला सांगितलं, आणि मग तो प्रश्न कुणाला विचारताच येईना.

ताप हाही एक घोळच. लस दिली की काही मुलांना रात्री ताप येतो, तो उतरतोही. पण दुसऱ्या दिवशी आजी कंबर कसून हजर, "अच्छा-भला था, तुमने बीमार कर दिया." आणि ताप आला नाही तर तीच आजी शेजारणीला सांगणार, "दवाई में दम नहीं थी." मी दोन्ही आज्यांना समोर बसवून सांगायचे, ताप आला तर औषध काम करतंय आणि नाही आला तर तुमचं बाळ पक्कं आहे. हे शास्त्रात किती बसतं ते डॉक्टरांनी सांगावं, पण आज्या खुशीत घरी जायच्या आणि पुढच्या वेळी परत यायच्या.

आता शिकल्यासवरल्यांचं सांगते, नाहीतर वाचकांना वाटेल हे सगळं वस्त्यांपुरतं. आपल्याच मंडळातले एक आजोबा, बँकेतून निवृत्त झालेले, मला म्हणाले, "ताई, आमच्याकडे सगळं टाइमशीर असतं. नातू बंगलोरला जन्मला, तिथे टोचून झालं." मी बंगलोरच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "अय्या, गोवरची? ती तर उज्जैनला आजोबांनी दिली ना?" बंगलोरला वाटत होतं उज्जैननं दिली, उज्जैनला वाटत होतं बंगलोरनं. पोरगा दोन वर्षांचा होत आलेला आणि गोवरची एकही सुई नाही. आजोबांनी तेवढ्यातल्या तेवढ्यात माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं, जशी काही ती लस मीच पळवली होती. तरी त्यांच्या घरी बॅनर घेऊन कुणी गेलं नाही. शिकलेल्याचं राहिलं की ती गडबड, गरिबाचं राहिलं की ती जागरूकतेची कमी.

पण खरं कारण, जे मीटिंगमध्ये कधी निघालं नाही, ते आमच्याच निळ्या डब्यात होतं. त्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. लस एकेका मुलाची वेगळी येत नाही. गोवरच्या लशीची एक छोटी काचेची कुपी असते, तिला आम्ही वायल म्हणतो. आत पूड असते. वेगळ्या कुपीतलं पाणी त्यात मिसळलं की पाच मुलांपुरतं औषध तयार होतं. पण एकदा मिसळलं की ते चार तासच टिकतं. तेवढ्यात पाच मुलं आली तर उत्तम. एकच आलं तर चार मुलांचं औषध फेकून द्यायचं.

नियम स्पष्ट आहे. मूल एकच आलं तरी वायल उघडा. हा नियम मी स्वतः ट्रेनिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचे. पण त्याच दिवशी दुपारी त्याच खोलीत मीटिंग असायची आणि त्यात एकेकीला उभं करून विचारलं जायचं, "इतना वेस्टेज क्यों? सरकारी दवा है, आपके घर की नहीं." किती औषध वाया गेलं ते विचारायचे. किती मुलं परत गेली ते कुणी विचारत नसे. मुली हुशार होत्या. सकाळचा नियम विसरायचा आणि दुपारचा लक्षात ठेवायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. एखादीच आई बाळ घेऊन आली की त्या गोड बोलून सांगायच्या, "अगली बार आना, बच्चे ज़्यादा होंगे तब खोलेंगे." एवढ्यानं वायल वाचायची. साहेबही खूश. आणि ती आई रोजी बुडवून उन्हातून पोर कडेवर घेऊन परत.

रेखा यांच्यातलीच. नानाखेड्याच्या बस स्टँडमागच्या वस्तीत ती लस द्यायची. कामाला चोख, हात इतका हलका की मूल रडायला लागेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची. एकदा तिच्याकडून दोन वायल अर्ध्या वाया गेल्या होत्या, तेव्हा भर मीटिंगमध्ये तिला उभं ठेवलं होतं. ती रडली नाही, पण त्यानंतर डबा उघडायच्या आधी मुलं मोजायला लागली.

त्या वर्षी श्रावणात तिच्या वस्तीशेजारच्या गल्लीत गोवर निघाला. तिकडे त्याला 'माता आई', म्हणजे माता आली, असं म्हणतात, पण आपल्याला गोवर म्हणजे काय ते ठाऊक आहे. अंगावर पुरळ उठतं, तेवढ्यावर थांबलं तर ठीक. काही मुलांना न्यूमोनिया होतो, काहींचे कान जातात, काही मुलं जातात. एक पोरगा दवाखान्यात पोचला, तेव्हा वरून विचारणा झाली, की तिथे लस न घेतलेली मुलं किती आणि 'इनकार वाले घर' कोणते. इनकार म्हणजे लशीला सरळ नाही म्हणणारं घर. त्या वस्तीत असं एक घर होतं, गेंदाबाईचं.

गेंदाबाई मंदिराच्या बाजूला बेलपत्र आणि फुलं विकायची. मुलगा मुकेश ई-रिक्शा चालवायचा. घरात सून आणि सुनेची मुलगी छुटकी, दहा महिन्यांची. गोवरची लस नवव्या महिन्यात द्यायची असते, ती छुटकीची राहिली होती. आशा बोलवायला गेली तेव्हा गेंदाबाईनं दारातूनच सांगितलं होतं, "म्हारे नी लगवानी. जाओ." का नाही लावायची, हे कुणी विचारलं नाही. कारण आधीच ठरलेलं होतं.

साहेबांनी मोहीम काढली. एक बॅनर, कार्यालयातला एक फोटो काढणारा, पथनाट्याची मंडळी, रेखा आणि मी. समजवायचा दिवस ठरला सोमवार, कारण मंगळवारी आणि शुक्रवारी सगळे लशीच्या कामात असतात. गेंदाबाईला निरोप गेला, सोमवारी घरी थांब. श्रावणातला सोमवार. त्या दिवशी महाकाळाची सवारी निघते, गाव ओसंडून वाहत असतं आणि बेलपत्राला सोन्याचा भाव असतो. बेलपत्र विकणाऱ्या बाईला श्रावणी सोमवारी घरी बसवणं म्हणजे फटाकेवाल्याला दिवाळीत दुकान बंद करायला सांगणं. तरी ती थांबली. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. लशीला विरोध करणारी बाई लशीसाठी धंदा का बुडवेल?

तिच्या दारात पथनाट्य सुरू झालं. त्यात एक दुष्ट सासू नर्सला हाकलून देते, नात आजारी पडते, मग सासू रडते आणि सगळे मिळून गाणं म्हणतात. सासूचं काम एक मिशा काढलेला तरुण करत होता. गेंदाबाई उंबऱ्यावर बसून टक लावून बघत होती. शेजारपाजारही जमला. नाटक संपलं तसं साहेबांनी भाषण केलं. एक दिवसही उशीर करू नका, आजचं उद्यावर टाकू नका, असं पुष्कळ बोलले. फोटो निघाले. मग साहेबांनी गेंदाबाईला हात जोडून विचारलं, "माताजी, कुछ समझ में आया?"

"आया," गेंदाबाई म्हणाली. "सास का काम ठीक करा इस छोरे ने. पर लुगड़ा उल्टा पेन रखा है." आणि ती आत गेली.

साहेब माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "टफ केस है." एवढ्यात ती छुटकीला घेऊन बाहेर आली. पोरीला न्हाऊमाखू घातलेलं, काजळ लावलेलं, नवं झबलं. गेंदाबाईनं झबल्याची बाही दंडापर्यंत वर सारली आणि म्हणाली, "हो गया समझाना? अब लगा दो सुई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी रेखाकडे, रेखानं बॅनरकडे. आम्ही सगळं आणलं होतं. बॅनर होता, ढोलकी होती, पाण्याच्या बाटल्या होत्या, वाटायला बिस्किटं होती. लस कुणी आणली नव्हती. ती मोहिमेच्या सामानात नव्हतीच.

साहेबांनी घसा साफ केला. "माताजी, टीका तो कल लगेगा. आज सेशन नहीं है. कल आ जाइए."

तेव्हा गेंदाबाईचा आवाज चढला. "कल आ जाऊँ? यही तो सुन-सुन के म्हारे कान पक गए! पहली बार गई, दुकान छोड़ के गई, तो बोली एक ही बच्ची है, बाद में आना. दूसरी बार म्हूँ पड़ोस के छोरे को भी साथ ले गई, के चलो दो हो जाएँगे. तो बोली दो के लिए भी शीशी नी खुलती, चार-पाँच हों तब लाना. अब चार-पाँच म्हूँ कहाँ से लाऊँ साब? म्हारी तो बहू ही एक है!"

लोक हसले. फोटो काढणारासुद्धा हसला. गेंदाबाई हसली नाही. "और वो छोरा," ती म्हणाली, "जिसको साथ ले गई थी, वो अभी अस्पताल में पड़ा है. उसकी माँ मेरे से बात नी करती."

रेखाचा चेहरा मला आजही आठवतो. ती हातातल्या पर्सचा पट्टा पिळत राहिली. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला तो साहेबांचा, त्या दुपारच्या मीटिंगांचा आणि त्या हसऱ्या बाळाच्या बॅनरचा. आम्ही ज्या बाईला समजवायला गाजावाजा करत आलो होतो, तिला सगळं आधीपासून समजलेलं होतं. ती दोनदा दारात येऊन गेली होती. नाही म्हणणारे आम्ही होतो.

"सर, आज लगेगा," मी म्हणाले.

"मैडम, आज सोमवार है. और सवारी का टाइम हो रहा है, मेरी वहाँ ड्यूटी है." साहेबांनी घड्याळ पाहिलं. ते वाईट नव्हते, फक्त घाईत होते. "आप देख लीजिए," असं म्हणून ते गाडी घेऊन निघून गेले. बॅनर आमच्याकडे राहिला.

लस होती आमच्या केंद्रातल्या फ्रिजमध्ये, जुन्या शहरात, आणि सवारीच्या दिवशी त्या बाजूचे रस्ते बंद. मुकेशनं ई-रिक्शा काढली. त्यानं मला अशा गल्ल्यांमधून नेलं, की चाळीस वर्षं या गावात काढून मी त्या पाहिल्या नव्हत्या. एका ठिकाणी दोरी आडवी लावलेली होती, तिथून पुढे मी चालत गेले. केंद्रात फ्रिज सांभाळणारे शर्माजी निघायच्या तयारीत होते. मला बघून दचकले. "सोमवार को वैक्सीन? मैडम, चढ़ाऊँगा किस खाते में?" मी म्हटलं, "शर्माजी, आप वायल दो, खाता मैं देख लूँगी." त्यांनी दोन वायल, त्यांचं पाणी आणि सुया दिल्या, बर्फाचे पॅक लावून डबा नीट बंद केला. एवढं होईपर्यंत "गलत हो रहा है मैडम" हे त्यांनी अनेकदा म्हटलं, पण हात थांबवला नाही.

परत येताना गर्दी दाटली होती. निळा डबा छातीशी धरून मी वाट काढत होते आणि दर दोन पावलांवर कुणीतरी विचारत होतं, "अम्मा, ठंडा पानी कितने का?" एका भाविकानं तर माझ्या हातात पैसेही ठेवले. दोरीजवळच्या पोलिसानं अडवलं. "इधर से नहीं. डिब्बे में क्या है?" मी म्हटलं, "खसरे की दवा. एक बच्ची के लिए ले जा रही हूँ." त्यानं एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि दोरी वर उचलली.

गेंदाबाईच्या घरी रेखा तशीच बसली होती. समोर चहाचा कप, न प्यालेला. मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं हात धुतले, वायल काढली, आणि तरी क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिलं. "मैडम, एक ही है," ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, "दिसतंय मला." ती मराठी नाही, पण तिला कळलं. तिनं पूड आणि पाणी मिसळलं, छुटकीचा उजवा दंड पुसला आणि सुई दिली. छुटकीनं सगळी वस्ती ऐकेल असा भोंगा पसरला. सून डोळे पुसत हसली. गेंदाबाईनं मात्र कुपीकडे बोट दाखवलं.

"इसमें और बचा है?"

"चार बच्चों का है."

"उसका क्या करोगे?"

"फेंकना पड़ेगा. कुछ घंटे ही टिकता है."

"फेंकना?" ती अशी ओरडली, जसं काही आम्ही देवाचा प्रसाद गटारात टाकणार होतो. पदर खोचून ती दारात गेली आणि तिनं जी हाक मारली, ती बहुतेक बस स्टँडवर ऐकू गेली असेल. "अरी ओ! जिसके बच्चे की खसरे वाली बाकी हो, ले के आओ! शीशी खुली है!"

बाया आल्या. एक माहेरी आलेली मुलगी होती, तिच्या बाळाला सासरचे माहेरचं म्हणायचे. एक झाबुआकडची मजूर बाई होती, तिची खोली आमच्या कुणाच्याच हिशेबात नव्हती. आमच्या बॅनरनं वर्षभरात जेवढी माणसं आणली नव्हती, तेवढी त्या एका हाकेनं आली. रेखाचा हात आता चालायला लागला होता. बोलत बोलत, गालगुच्चे घेत तिनं वायल संपवली. आम्ही पुढचं समजावून सांगितलं, बाळांना थोडा वेळ तिथेच बसवलं. गेंदाबाईनं आमचीच बिस्किटं वाटली.

आम्ही आवराआवर करत होतो तेवढ्यात शेवटी एक बाई धावत आली. इमारतीच्या कामावरून तशीच आलेली, हात सिमेंटनं माखलेले, कडेवर वर्ष-दीड वर्षाचा मुलगा. "खतम हो गई क्या?" तिनं दारातूनच विचारलं. रेखानं रिकाम्या वायलकडे पाहिलं. मग डब्यात उरलेल्या दुसऱ्या वायलकडे पाहिलं. या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. "नहीं हुई," ती म्हणाली, आणि तिनं वायल उघडली. त्यानंतर त्या संध्याकाळी गेंदाबाईनं कितीही हाका मारल्या तरी कुणी आलं नाही. उरलेलं औषध आम्ही फेकून दिलं.

छुटकीला गोवर झाला नाही. दवाखान्यातला शेजारचा पोरगा जगला, घरी आला, पण त्याला एका कानानं कमी ऐकू येतं. त्याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही. त्याच्याबद्दल कागदावर काय लिहिलं गेलं, ते सांगायला नकोच. पोर लशीच्या दारात येऊन परत गेलं, याला तिथं शब्द नव्हता. त्याच्या आईनं गेंदाबाईशी बोलणं पुढे सुरू केलं, ते कसं आणि कधी, ते त्या दोघींना ठाऊक. नंतर आम्ही त्या वस्तीत गेंदाबाईच्याच ओट्यावर बसायला लागलो, तिची दुकानावरून यायची वेळ धरून, संध्याकाळी. तिनं बोलावलं की लोक यायचे. तिला समजवायला मात्र पुन्हा कुणाला पाठवावं लागलं नाही.

त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी पडद्यावर फोटो दाखवला. गेंदाबाई उंबऱ्यावर, साहेब हात जोडून, मागे हसरं बाळ. खाली लिहिलं होतं, 'इनकारी परिवार समझाइश से सहमत'. टाळ्या झाल्या. मीही टाळ्या वाजवल्या, कारण शेजारी बसलेले सगळे माझ्याकडे बघत होते. मग दिवे लागले आणि नेहमीप्रमाणे वेस्टेजची पाळी आली. एकेक नाव घेत साहेब रेखापर्यंत आले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एका वायलमधले चार डोस गेलेले, आणि तेही सोमवारी.

"रेखा, खड़ी हो जाइए. एक बच्चे के लिए पूरी वायल क्यों खोली?"

मी तिच्यासाठी बोलायला उठणारच होते. नियमाचा तो कागद मी मुद्दाम बरोबर आणला होता. पण रेखा आधीच उभी राहिली. या वेळी तिचे हात पट्टा पिळत नव्हते.

"सर, बच्चा आया था," ती म्हणाली, आणि कुणी सांगायच्या आत खाली बसली.